नावेचा जमाखर्च

आमच्या बँकेत कारकुनाला ठरावीक वर्षांतून एकदा सहकुटुंब हिंडून येण्यासाठी प्रवासभाडं मिळतं. हे भाडं मिळायची वेळ आली की घरातल्या माणसांना भूगोलाचं प्रेम एकदम दाटून येतं. एरवी ज्यांना भायखळा आधी की चिंचपोकळी आधी हे सांगता येत नाही, ती मंडळी अक्षांश-रेखांशांवर बोलू लागतात.

या खेपेला निमित्त झालं आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरचं. ते अंदमानला जाऊन आले. येताना प्रत्येकाच्या टेबलासाठी एकेक शंख घेऊन आले आणि वर तीनशे फोटो घेऊन आले. शंख एका वेळी एकालाच मिळाला, फोटो मात्र प्रत्येकाला तीनशेच्या तीनशे बघावे लागले. मी ही हकीकत घरी सांगायची चूक केली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक पडलेलं होतं. वर लिहिलं होतं : ‘उष्ण कटिबंधातील रम्य बेटं! निळं पाणी, नारळाच्या राया, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर स्वप्नवत् जलप्रवास!’

आता, आयुष्याची वीस-बावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस कुठलाही कागद खालून वर वाचतो. मोठ्या अक्षरात आमिष असतं आणि बारीक अक्षरात रक्कम. मी पत्रक उलटं धरलं. अगदी तळाशी, मुंगी चालून गेल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘बेटांदरम्यानचा बोटीचा खर्च वेगळा आकारला जाईल.’

“म्हणजे बघ,” मी सौभाग्यवतींना म्हणालो, “हे आपल्याला एका बेटावर नेऊन सोडणार. पुढं जायचं तर पैसे. नाही दिले तर आपण तिथंच.”

“तसं झालं तरी चालेल,” ती म्हणाली. “भांडी तरी घासावी लागणार नाहीत.”

मग मी बेटाबेटांतल्या स्वस्त बोटीचा शोध घ्यायचं ठरवलं. दोन रविवार गेले. आकडेमोड केली. सरकारी बोट स्वस्त, पण तिची वेळ आणि आमची रजा यांची पत्रिका जुळेना. खाजगी बोट वेळेवर, पण तिच्या भाड्यात आमची मंगळसूत्रापर्यंत मजल जाईल अशी लक्षणं. तिसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयात मुंबईच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. ते मी चाळायला घेतलं आणि ताडकन उभा राहिलो. समोरच्या पेन्शनर गृहस्थांना वाटलं, मला मुंगी चावली.

त्या पुस्तकात नकाशा होता. सात बेटांचा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. उष्ण कटिबंधात होती. नारळाच्या राया होत्या. आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला जलप्रवासच होता!

मी घरी येऊन जाहीर केलं, “आपल्याला बेटांवर जायची गरज नाही. आपण बेटांवरच आहोत.”

“आपण बोरिवलीत आहोत,” चिरंजीव म्हणाले. “बोरिवली या सातांत नाही.”

“बोरिवली साष्टी बेटावर आहे,” मी म्हणालो. “ते आठवं. म्हणजे तुम्हाला एक बेट जास्तच मिळालं.”

माहितीपत्रकवाल्यांनी त्याचे वेगळे पैसे लावले असते, हे मी बोललो नाही.

तेव्हापासून मला या बेटांतल्या बोटींचं वेड लागलं. मुंबईचा इतिहास लिहिणारे लोक किल्ल्यांचं लिहितात, गव्हर्नरांचं लिहितात, गिरण्यांचं लिहितात. पण पलीकडच्या बेटावर बहीण दिलेल्या, नाहीतर पलीकडे भाजी विकायला नेणाऱ्या माणसाला होडीवाला किती घेई, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझ्यासारख्या माणसाला नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

या होडीला आपल्याकडे ‘तर’ म्हणतात. हल्ली हा शब्द आपण फक्त ‘जर’च्या पाठोपाठ वापरतो. पण पूर्वीही त्याची ‘जर’पासून सुटका नव्हतीच. जर भरती असेल, जर वारा असेल, जर तांडेल जेवून उठला असेल आणि जर खिशात पैसा असेल, तर तर!

इंग्रजांच्या हाती ही बेटं आली तीही एका लग्नाच्या देण्याघेण्यात. १६६१ साली पोर्तुगालच्या राजाची बहीण कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं आणि त्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली. नवरदेवाला वस्तूचा उपयोग कळला नसावा. कारण १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. आज दहा पौंडांत त्याच जागेवर गाडी उभी करायलाही कुणी देणार नाही.

पण मधल्या काळात एक गंमत झाली. मुंबई द्यायची म्हणजे नेमकं कुठपर्यंत द्यायची, यावर वाद पडला. पोर्तुगीज म्हणाले, मुंबईचं बेट तेवढं घ्या, माहीम वेगळं आहे. ताबा घ्यायला आलेला हम्फ्री कुक म्हणाला, वेगळं कसलं? ओहोटीला इथून तिथं चालत जाता येतं! आणि १६६५ मध्ये त्यानं माहीमही घेऊन टाकलं. जगात राज्यं तलवारीवर मिळाली, तहावर मिळाली, पण ओहोटीवर मिळालेलं राज्य हे एवढंच असावं.

कुकचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. त्या काळची सर्वांत स्वस्त तर म्हणजे आपले दोन पाय. भरती असली की होडी, ओहोटी लागली की धोतर गुडघ्यावर घ्यायचं आणि चालायला लागायचं. पलीकडे पोचल्यावर चिखलानं भरलेले पाय धुवायचे. असे पाय जिथं धुवत, ती जागा म्हणजे पायधुणी. आज पायधुणीला दुरून दुरून लोक खरेदीला येतात आणि पायांऐवजी खिसा धुऊन जातात. पण नावातली खाडी अजून ओली आहे. शेजारची उमरखाडी तर नावातच खाडी घेऊन बसली आहे. तिथं आज खाडी शोधायला गेलात तर लोक तुमचा पत्ता विचारतील.

म्हणजे गरिबाच्या प्रवासाचं वेळापत्रक चंद्राच्या हाती. पंचमी-अष्टमीचं गणित ज्याला येई, त्याचे पैसे वाचत. ज्याला येत नसे, तो एक तर होडीचे पैसे मोजे किंवा काठावर बसून राही. आमची आजी तिथी पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, याची आम्ही थट्टा करायचो. आता वाटतं, त्या तिथीत धर्म थोडा आणि तिकीट जास्त असावं.

या भरती-ओहोटीला हुद्दा कळत नसे. मुंबई आणि कुलाबा यांच्यामध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती. कुलाब्याला गोऱ्या लष्कराचा तळ. साहेब लोक मुंबईला मेजवानीला जात. मेजवानी रंगे आणि तिकडे भरती चढे. मग सुटाबुटातले साहेब काठावर उभे. घरी दिवा दिसतो आहे, पण मधे पाणी. आपली शेवटची लोकल चुकल्यावर फलाटावर जो चेहरा होतो, तो थेट या साहेबांपासून चालत आलेला आहे. अखेर १८३८ मध्ये कुलाब्याचा बांधरस्ता पुरा झाला. रस्ता होताच काय झालं असेल, हे मुंबईकराला सांगायला नको. जागांचे भाव चढले. म्हणजे होडीचे पैसे वाचले आणि ते घरभाड्यात गेले. मुंबईत वाचलेला पैसा फार लांब जात नाही. शेजारच्या खिशात जातो.

पण खरी अवघड वाट होती माहीम ते वांद्रे. मधे खाडी. पलीकडे साष्टी. १७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. म्हणजे मधली पस्तीस वर्षं माहीमहून वांद्र्याला जाणं म्हणजे कंपनीच्या राज्यातून पेशव्यांच्या राज्यात जाणं. आजही दादरचा माणूस वांद्र्याला जाऊन आला की परदेशी जाऊन आल्यासारखा बोलतो, त्याला ही जुनी परंपरा आहे.

ही खाडी पावसाळ्यात भयंकर. आणि वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा नेमकी सप्टेंबरात, पावसाचा जोर पुरता ओसरलेला नसताना. जत्रेची गर्दी, घरी परतायची घाई आणि होडीवाल्याचा हंगाम. अशा वेळी होडीत किती माणसं बसतात? जितकी येतील तितकी. नावा उलटत, माणसं बुडत. चार दिवस हळहळ होई आणि पुढल्या जत्रेला पुन्हा त्याच नावा, तीच गर्दी. लोक सरकारकडे बांध मागत. सरकार म्हणे, पैसा नाही. या बाबतीत सरकार कुठल्याही काळातलं असो, वाक्य तेच असतं.

तेव्हा एक बाई पुढं आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई. त्यांनी मोतमावलीला नवस केला होता, अशी एक कथा सांगतात. नवस केला असो वा नसो, त्यांनी रोकड काढून दिली हे खरं. काम अर्ध्यावर आलं, पैसा अपुरा पडला, तेव्हा त्यांनी पुन्हा हात सैल केला. सगळे मिळून दीड लाख रुपयांहून अधिक. १८४५ मध्ये बांध खुला झाला. माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्यावरून आपण रोज जातो. त्या लेडी याच.

इथं माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. मी कागद घेतला आणि दीड लाख रुपये द.सा.द.शे. पाच टक्के चक्रवाढ व्याजानं एकशे ऐंशी वर्षं ठेवले. शंभर कोटींना टेकले! मी हा हिशेब आमच्या मॅनेजरसाहेबांना दाखवला. ते गंभीरपणे म्हणाले, “बाईंनी मुदत ठेवीत टाकायला हवे होते.” मोठ्या पदावरच्या माणसाला असं सुचतं, म्हणूनच तो मोठ्या पदावर जातो.

पण मला त्या रकमेपेक्षाही बाईंनी घातलेली अट मोठी वाटते. त्यांनी सरकारला बजावलं होतं, की या बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पट्टी घ्यायची नाही. विचार करा. दीड लाख देणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या बिचाऱ्या पैशा-दोन पैशांचं माणूस होतं. त्यांना ठाऊक असावं, की जिथं दोन पैसे वाचवायला लोक भरलेल्या होडीत चढतात, तिथं पट्टी लावली तर ते पुन्हा त्याच होडीत चढतील. वाट सुरक्षित असून भागत नाही. ती परवडली पाहिजे. महाग सुरक्षितपणा हा गरिबाच्या दृष्टीनं नसल्यासारखाच.

दुसरा माणूस तर माझ्याच जातीचा. म्हणजे कारकुनाच्या. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकुनी करणारा. बाहेरगावाहून मुंबईला येणाऱ्या उतारूंना तेव्हा धड धक्का नव्हता. मचव्यातून उतरायचं ते चिखलात. बायका, पोरं, म्हातारी माणसं, डोक्यावर बोचकी आणि गुडघाभर चिखल. हे रोज हजारो लोकांनी पाहिलं असेल. या कारकुनाला मात्र ते पाहवलं नाही. त्यानं सरकारकडे परवानगी मागितली, भराव घालून धक्का बांधला. लोक त्याला भाऊ म्हणत. तोच भाऊचा धक्का.

मी ही गोष्ट आमच्या शाखेत सांगितली. एका कारकुनानं मुंबईला धक्का दिला, हे ऐकून सगळ्यांची छाती फुगली. दुपारी चहाला पाच मिनिटं जास्त घेण्यात आली. त्यापलीकडे आमच्या हातून अजून काही बांधलं गेलेलं नाही.

आता इथवर वाचून तुम्हाला वाटेल, स्वस्त बोट ही नेहमी पुण्याईचीच गोष्ट. तसं नाही. बोटीचं भाडं दोन कारणांनी उतरतं. एक, कुणीतरी आपल्या पदरचं घालतो म्हणून. दुसरं, कुणीतरी कुणाला तरी बुडवायला निघालेला असतो म्हणून. दुसऱ्या कारणाचा नमुना मुंबईचा नाही, तमिळनाडूतल्या तुतिकोरीनचा आहे. पण त्यातही टिळकांचा एक माणूस आहे, म्हणून सांगतो.

तुतिकोरीनहून सिंहल बेटाच्या कोलंबोला जाणाऱ्या आगबोटी एका ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या. टिळकांना गुरू मानणारे व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै या वकिलांनी १९०६ मध्ये लोकांकडून भांडवल जमवून स्वदेशी आगबोट कंपनी काढली. बोटी मिळवायला ते मुंबईपर्यंत खेपा घालून गेले. स्वदेशी बोट आली तशी ब्रिटिश कंपनीनं भाडं रुपयावर आणलं. स्वदेशीनं आठ आण्यांवर आणलं. मग ब्रिटिश कंपनीनं म्हणे जाहीर केलं, की फुकट या, वर एकेक छत्री घेऊन जा! बेटावर जायची बोट फुकट आणि वर छत्री! आमच्या माहितीपत्रकवाल्यांना हे दाखवायला हवं.

पण त्या छत्रीची किंमत पुढं कळली. १९०८ च्या जुलैत चिदंबरम् पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. त्याच महिन्यात इकडे टिळकांनाही. बोटींचा मालक तुरुंगात तेलाच्या घाण्याला जुंपला गेला आणि कंपनी मोडीत निघाली. स्पर्धक बुडाल्यावर छत्र्या वाटायचं कुणाला कारण उरतं? व्यापारात फुकट मिळालेली छत्री ऊन्हापावसापासून वाचवते. छत्री देणाऱ्यापासून वाचवत नाही.

तशीच एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावरचीही. गोऱ्या कंपनीच्या बोटींना तोंड द्यायला इथंही देशी माणसांनी सहकारी तत्त्वावर कंपनी उभी केली. लोक प्रेमानं तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. नावातच ‘माझी’. बोटींना नावंही घरातल्या देव्हाऱ्यातली. तुकाराम, रामदास. बोटीचं नाव रामदास म्हटल्यावर कोकणातल्या म्हातारीला अर्धं भाडं तिथंच वसूल झाल्यासारखं वाटत असेल.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. उद्या-परवावर गटारी अमावस्या. मुंबईत नोकरी करणारी माणसं सणाला गावी निघालेली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला जायला निघाली. प्रवास थोडक्या वेळाचा. गर्दी मोठी. वाटेत वादळी वारा, पाऊस. लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे शहराला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. ज्यांच्या घरची माणसं बुडाली होती, ती इथं लालबाग-परळला आपापल्या कामावर होती आणि मनात म्हणत होती, आता आमची माणसं गावी पोचून जेवायलासुद्धा बसली असतील.

इथं मला विनोद सुचत नाही आणि सुचला तर तो मी लिहिणार नाही.

पण त्या दिवसाची एक नोंद मला विसरता येत नाही. रेवसकडून काही कोळी मासळीनं भरलेल्या होड्या घेऊन मुंबईला येत होते. त्यांना पाण्यात माणसं दिसली. होडीत जागा नव्हती. त्यांनी आपली मासळी समुद्रात फेकून दिली आणि तिच्या जागी माणसं घेतली. पाऊणशेच्या आसपास जीव असे वाचले, असं सांगतात.

मी जन्मभर जमाखर्च लिहिला आहे. आमच्या शास्त्रात एका बाजूला जमा असतं, दुसऱ्या बाजूला नावे. एकाच्या जमेला जे पडतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेलंच असतं. त्याशिवाय वही जुळत नाही. या बेटांच्या होड्यांचा हिशेब जुळवताना माझ्या हळूहळू लक्षात आलं, की तिकिटावर छापलेलं भाडं हे पुरं भाडं कधीच नसतं. उरलेलं कुणाच्या तरी नावे पडतं. माहीमला ते आवाबाईंनी आपणहून आपल्या नावे घेतलं. तुतिकोरीनला ते एका वकिलाच्या नावे पडलं. रामदासवर ते उतारूंच्या नावे पडलं. आणि रेवसच्या कोळ्यांनी त्या दिवसाची सगळी मासळी स्वतःच्या नावे टाकली. ती मासळी कितीची होती, हे कुठल्या वहीत मांडलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं मी घरी रोज थोडं थोडं सांगत होतो. शेवटी एका रात्री कन्या म्हणाली, “बाबा, बोटीबद्दल एवढं ऐकलं. आता बोटीत बसवा तरी.”

म्हणून एका रविवारी आम्ही वर्सोव्याला गेलो. साष्टी बेटावरचं वर्सोवा आणि खाडीपलीकडे मढ. तेही एके काळचं बेटच. मध्ये तर. उष्ण कटिबंध होता, नारळ होते, पाणी निळं नव्हतं पण पाणी होतं. तिकीट इतकं स्वस्त, की मी ते दोनदा वाचलं. बारीक अक्षर शोधलं. नव्हतं! चौघांचा मिळून खर्च चार वडापावांच्या आत. मी विजयी मुद्रेनं सौभाग्यवतींकडे पाहिलं. ती तांडेलाला विचारत होती, “जाकीटं आहेत ना हो?” २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीच्या वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली, तेव्हापासून ती पाण्याच्या नुसत्या पिंपाजवळसुद्धा हा प्रश्न विचारते.

तर पाचेक मिनिटांत पलीकडे. त्या पाच मिनिटांत होडीत आमच्यासकट शाळेतली पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी, दोन सायकली, एक नवरी मुलगी वाटावी अशी नटलेली बाई आणि तिच्यापेक्षा जास्त नटलेली एक मोटारसायकल होती. चिरंजीवांनी तीनशे फोटो काढले. दिवसभर मढला हिंडलो. किल्ल्याच्या बाजूला जाऊन आलो, वाळूत बसलो, आणलेल्या पुऱ्या खाल्ल्या. कन्या म्हणाली, “अंदमानला याहून वेगळं काय असतं?” मी म्हणालो, “हेडकॅशियर असतात.”

संध्याकाळी परत निघालो तेव्हा धक्क्यावर ही गर्दी! सगळी मुंबई एकाच होडीनं घरी जायला निघाल्यासारखी. आम्ही घुसत घुसत पुढं गेलो. अगदी होडीच्या कडेपाशी आलो आणि खलाशानं हात आडवा केला.

“बस. पुढल्या फेरीला.”

आता, मी दिवसभर उन्हात होतो, चप्पलमध्ये वाळू होती आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी म्हणालो, “अहो, चारच माणसं आहोत. उभे राहतो आम्ही.”

“पुढल्या फेरीला, साहेब.”

“पाच मिनिटांचं तर पाणी आहे! आणि ती बघा, तिथं जागा दिसते आहे की!”

त्यानं मी दाखवलेल्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पोरगा विशीचाही नसेल. शांतपणे म्हणाला, “जागा हाय, साहेब. पण खाली पाणी पण हाय.”

आणि दोर सोडला.

होडी गेली. मी काठावर उभा. कुलाब्याच्या साहेबासारखा. दोन महिने घरादाराला आवाबाई आणि रामदास सांगून जेरीस आणणारा माणूस पहिल्याच भरलेल्या होडीत चढायला निघाला होता, हे माझ्या लक्षात यायच्या आधी सौभाग्यवतींच्या लक्षात आलं होतं. तिनं काही म्हटलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की काही न म्हणणं हे फार सविस्तर असतं.

दहा मिनिटांनी पुढली तर आली. तोच पोरगा. आम्हाला पाहून हसला, कन्येचा हात धरून तिला आत घेतलं. बसल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, मघाशी त्यानं आपल्या चार तिकिटांचे पैसे सोडले ना?”

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे रोजखर्चाची वही काढली. तर, वडापाव, चहा, रिक्षा, सगळं मांडलं. मग त्या पोरानं सोडलेली फेरी आठवली. खाली आणखी एक नोंद केली. नावे : दहा मिनिटं.

जमा : चार माणसं.